बेहडा, हत्ती आणि थांबलेली रांग

एका जंगलात एक संगणक होता. त्या जंगलात पाण्याची सोय बेताची होती, शाळेचे छप्पर उडालेले होते आणि वणवा लागला तर तो विझवण्याची जबाबदारी कोणाची, हे अद्याप ठरायचे होते. परंतु संगणक होता. मुलांनो, एखादे जंगल प्रगत आहे की नाही, हे अशा वस्तूंवरूनच ओळखायचे असते.

त्या संगणकावर जी प्रणाली चाले, ती कोणी विकत घेतलेली नव्हती. चारही दिशांच्या रानांतील विद्वान प्राण्यांनी ती आपापल्या फावल्या वेळात रचली होती. ती सर्वांना खुली होती. कोणीही तिचे पोट उघडून आत पाहावे आणि कोणीही दुरुस्ती करावी. या गोष्टीचा जंगलाला फार अभिमान होता. प्रणाली बिघडली, म्हणजे मात्र दोष सर्वांचा असे. आणि सर्वांचा दोष उचलायला कोणी एक जण पुढे येत नसे.

पूर्वी त्या जंगलात राजाचा हुकूम टिटवी ओरडून सांगत असे. तो सर्वांना ऐकू जाई, सर्वांना कळे आणि म्हणूनच तो फार गावंढळ वाटे. पुढे सिंहमहाराज शेजारच्या राज्यात पाहुणचाराला गेले. तेथे त्यांनी प्रिंटर पाहिला. परत आले, ते प्रिंटर घेऊनच आले.

मग नियम झाला : छापील तेच खरे. तोंडी हुकूम म्हणजे वारा. टिटवीला शाल देऊन निवृत्त करण्यात आले. शाल तिच्या मापाची नव्हती.

त्याच जंगलात शृंगराव नावाचे एक धनेश पक्षी राहत असत. चोच मोठी, चोचीवर शिंग आणि त्या शिंगावरही न मावणारी प्रतिष्ठा. त्यांच्या पत्नीचे नाव इंदुमती.

धनेशांची रीत तुम्हांला ठाऊक असेल. नसेल, तर नीट बसून ऐका. अंडी घालण्याचे दिवस आले, की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी उरते. आत तिची उडण्याची पिसे गळून पडतात. म्हणजे बाहेर येण्याची सोय नाही आणि आली, तरी उडण्याची सोय नाही. नराने फळे वेचून आणायची आणि त्या फटीतून भरवायची. नर परतला नाही, तर ढोलीतले सारेच संपले. एवढा भरवसा टाकावा असे नर असतात का, हा प्रश्न धनेशांच्या समाजात विचारण्याची पद्धत नाही.

इंदुमतीने कचेरीमागच्या जुन्या बेहड्याची ढोली निवडली होती. तिने ती लिंपली, आत अंडी घातली आणि ती उबवीत बसली. शृंगराव उंबर आणीत, फटीतून देत आणि मग फांदीवर बसून आपल्या दरबारी ओळखींविषयी बोलत. इंदुमतीला दुसरीकडे जाता येत नसल्यामुळे ती ऐकत असे.

एके दिवशी सकाळी बेहड्याखाली गजाप्पा हत्ती येऊन उभा राहिला. गजाप्पा बांधकाम खात्यात होता. त्याने खोडाला सोंडेने हलकेच थोपटून पाहिले.

"राम राम, शृंगराव. घरची मंडळी आतच ना?"

"आतच. बाळंतपण आहे. का बरे?"

"काही नाही. हे झाड पाडायचे आहे."

शृंगरावांच्या चोचीतला उंबर खाली पडला.

"कोणाच्या हुकमाने?"

"महाराजांच्या. संगणकाला वीज मिळते ती उन्हाच्या तक्त्यांवरून. त्या तक्त्यांवर तुमच्या बेहड्याची सावली पडते आणि दुपार कलली, की संगणक डुलक्या घेऊ लागतो. म्हणून झाड पाडावे, असे ठरले. घोरपडबाईंनी हुकूम लिहून प्रिंटरकडे पाठवलासुद्धा म्हणे."

"अरे, पण माझी बायको! माझी अंडी!"

"तुमच्याविषयी मनात काही नाही हो," गजाप्पा कळवळून म्हणाला. त्याचा स्वभाव खरोखरच मऊ होता. "मी पडलो कागदाचा चाकर. छापील कागद सोंडेत आल्यावाचून मी या झाडाच्या पानालाही धक्का लावणार नाही. मात्र कागद आला, की मग सख्ख्या बापाचेही ऐकणार नाही."

शृंगरावांनी यातले शेवटचे वाक्य तेवढे ऐकले.

गजाप्पा डुलत डुलत कचेरीच्या ओसरीवर गेला आणि बांबूचे कोंब खात कागदाची वाट पाहत राहिला.

शृंगराव तडक दरबारात गेले. दरबारात आपले वजन आहे, असे त्यांचे मत होते. सिंहमहाराज जेवून पहुडले होते. त्यांनी एका डोळ्याने सारी हकिकत ऐकली.

"अंडी आहेत म्हणता? मग पिल्ले उडेपर्यंत राहू द्या ते झाड. संगणकाला म्हणावे, तोवर ऊन थोडे कमी खा. घोरपडबाई, तसा हुकूम काढा."

महाराज एवढे बोलले आणि झोपले. मुलांनो, ही गोष्ट येथे संपायला हवी होती. टिटवीच्या काळात ती येथेच संपली असती. टिटवी ओरडली असती, गजाप्पाने ऐकले असते आणि तो घरी गेला असता. परंतु जंगल आता प्रगत झाले होते.

घोरपडबाई मुद्रण विभागाच्या प्रमुख होत्या. त्या खुर्चीला ज्या चिकटल्या होत्या, त्या प्रिंटर येण्यापूर्वीपासून. त्यांनी सावकाश हुकूम टंकला : 'सदर बेहड्याचे झाड पिल्ले उडेपर्यंत पाडू नये.' मग त्यांनी एक कळ दाबली आणि त्या नखे पाहू लागल्या.

प्रिंटर स्वस्थ होता.

"आला का?" शृंगरावांनी विचारले.

"पाठवला."

"पाठवला ते मी पाहिले, बाई. आला का?"

"आमचे काम पाठवण्याचे," घोरपडबाई म्हणाल्या. "तुमचा हुकूम रांगेत लागला आहे. येणे न येणे ड्रायव्हरवर."

ड्रायव्हर म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. संगणकाची भाषा निराळी आणि प्रिंटरची भाषा निराळी. एकाचे दुसऱ्याला समजावून सांगायला मध्ये एक दुभाषा ठेवावा लागतो. त्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. तो काहीही चालवत नाही, हे ध्यानात ठेवा. पुष्कळ पदे अशी असतात.

"मग ड्रायव्हर नीट बसवून घ्या!" शृंगराव कडाडले. "जंगलात तज्ज्ञ नाहीत काय?"

तज्ज्ञ होते. जंगलात दुसरे काही नसले, तरी तज्ज्ञ होते.

पहिला आला हुप्पाजी वानर. तो एका फांदीवर फार वेळ टिकत नसे आणि एका मतावरही टिकत नसे. त्याने संगणकाचा काळा पडदा उघडला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत आज्ञा लिहायला सुरुवात केली. लिहिताना तो स्वतःशीच हसत होता.

"हा ड्रायव्हर कोणी बसवला?"

"तुम्हीच," घोरपडबाई म्हणाल्या.

"तेव्हा तो चांगला होता. आता जुना झाला. नवा घालू."

नवा ड्रायव्हर आला. तो म्हणाला, 'माझे एक सोबती आहेत, त्यांच्यावाचून मी काम करत नाही.' सोबत्यांना आणले. ते म्हणाले, 'आमचे एक मामा आहेत.' मामांना आणले. मामांचे आणि संगणकातल्या जुन्या काकांचे वैर निघाले. काकांना काढले, तर घड्याळ बंद पडले. लग्नघरात वरपक्षाची माणसे उतरावीत, तशी ती सगळी मंडळी संगणकात उतरली. अखेर हुप्पाजीने घाम पुसला आणि एक चाचणीपान पाठवले. चाचणीपान म्हणजे यंत्र छापते की नाही, हे पाहण्यासाठी छापलेले पान. त्यावर सप्तरंगी पट्टे असतात आणि ते कोणाच्याही उपयोगाचे नसते.

प्रिंटर स्वस्थ होता.

"माझा हुकूम मघापासून त्या रांगेत पडून आहे," शृंगराव म्हणाले. "तो शिळा झाला असेल. तो मागे घ्या आणि नव्या ड्रायव्हरने नव्याने पाठवा. माझ्या नावाला शोभेल असा ताजा पाठवा."

घोरपडबाईंनी खांदे उडवले. त्यांनी हुकूम मागे घेतला आणि पुन्हा पाठवला. तो हुप्पाजीच्या चाचणीपानामागे जाऊन उभा राहिला.

ओसरीवर गजाप्पा अजून कागदाची वाट पाहत होता. तो बांबू खात होता.

शृंगराव ढोलीपाशी आले, तेव्हा दुपार टळत आली होती. चोचीत उंबर मोजकेच होते.

"एवढेच?" फटीतून इंदुमतीचा आवाज आला.

"अगं, कचेरीत किती राबतो आहे, याची तुला कल्पना नाही. खुद्द महाराजांनी आपल्याला स्थगिती दिली. आता फक्त कागद छापून यायचा राहिला आहे. प्रिंटर चालत नाही."

"अहो, त्या गजाप्पाला पाडण्याचा कागद मिळाला का?"

"नाही."

"का नाही मिळाला?"

"सांगितले ना, प्रिंटर चालत नाही म्हणून!"

इंदुमतीने चोच फटीतून थोडी बाहेर काढली.

"मग तो चालावा म्हणून तुम्ही का धडपडता आहात?"

शृंगरावांना हसू आले. बायका घरात बसतात, त्यामुळे त्यांना राज्यकारभारातले बारकावे कळत नाहीत, असे त्यांना वाटले. ही बाई तर घरात लिंपलेलीच होती.

"इंदुमती, आपण काय चोर आहोत? हातात कागद नसताना जगायचे? उद्या कोणी विचारले, की तुमचे झाड अजून उभे कसे, तर काय दाखवायचे?"

"झाड दाखवा."

"तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही."

"नाहीच. उंबर आणा. आणि आणायचे नसतील, तर निदान एवढे विचारा, की तुमच्या कागदाच्या पुढे रांगेत कोण उभे आहे."

"मी! मी रांगेची चौकशी करू? माझी ओळख खुद्द महाराजांशी आहे," शृंगराव म्हणाले आणि कचेरीकडे उडाले.

कचेरीत दुसरे तज्ज्ञ आले होते. त्यांचे नाव साळिंदरपंत. त्यांना प्रश्न विचारला, की त्यांचे काटे उभे राहत. उत्तर मिळेपर्यंत विचारणारा रक्तबंबाळ होई. आणि म्हणून जंगलात त्यांच्या विद्वत्तेचा मोठा दरारा होता.

"पंत, प्रिंटर का चालत नाही?" शृंगरावांनी विचारले.

"पुस्तिका वाचलीत?"

"कोणती?"

"कोणती, हे ज्याला ठाऊक नाही, त्याने प्रश्न विचारू नये."

"अहो, माझी बायको झाडात आहे!"

"ती माहिती प्रस्तुत नाही," पंत म्हणाले. मग ते हुप्पाजीच्या कामाकडे वळले आणि त्यांनी नाकाला फडके लावले. "तयार ड्रायव्हर! दुसऱ्याने चावलेला घास खाण्याची सवय लागली आहे तुम्हांला. ड्रायव्हर मुळापासून स्वतः रचावा लागतो. प्रत्येक रानाने या प्रणालीला आपला निराळा अवतार दिला; आमच्या डोंगरी प्रणालीत असले चोचले नाहीत."

"डोंगरी?" हुप्पाजी शेपटी उडवून म्हणाला. "पंत, तुम्ही अजून त्या जुनाट डोंगरी प्रणालीवरच आहात?"

"ती स्थिर आहे."

"प्रेतही स्थिर असते!"

"आणि तुझी प्रणाली रोज बदलते. लाज असणारी प्रजा कपडे बदलते, प्रणाली नव्हे."

मग त्या दोघांचे जे भांडण जुंपले, ते ऐकायला अर्धे जंगल जमले. कोणत्या रानातली प्रणाली खरी आणि कोणत्या रानातली बाटगी, आज्ञा लांब लिहावी की आखूड, काळ्या पडद्यावरची अक्षरे पांढरी असावीत की हिरवी, या सर्व विषयांवर ते बोलले. प्रिंटर या विषयावर कोणीच बोलले नाही. प्रिंटर कोपऱ्यात धूळ खात होता. त्याच्यावर एक कोळी जाळे विणीत होता. त्या कचेरीत पूर्ण झालेले असे ते एकच काम.

अखेर पंतांनी ड्रायव्हर रचायला घेतला. काळ्या पडद्यावरून अक्षरांच्या ओळी धबधब्यासारख्या कोसळू लागल्या. संगणक तापला. पंखा घरघरू लागला. जमलेल्या सशांना हे कळत नव्हते आणि म्हणून ते भक्तिभावाने पाहत होते. शेवटी पडद्यावर एकच शब्द उमटला : 'यशस्वी'.

पंतांनी चाचणीपान पाठवले. मन भरले नाही, म्हणून आणखी एक पाठवले. ईर्ष्येने हुप्पाजीनेही आपली काही पाठवली.

प्रिंटर स्वस्थ होता.

"पंत, छापले नाही," शृंगराव म्हणाले.

"ड्रायव्हर यशस्वी आहे," पंत थंडपणे म्हणाले. "छापणे हा निराळा विषय आहे."

"मग माझा हुकूम पुन्हा मागे घ्या आणि या यशस्वी ड्रायव्हरने पाठवा. एकदम ताजा!"

हुकूम मागे आला आणि सर्व चाचणीपानांच्या शेवटी जाऊन उभा राहिला. एवढ्या कष्टाने आणि एवढ्या वशिल्याने रांगेत मागे सरकलेला दुसरा प्राणी त्या जंगलाने पाहिला नव्हता.

असेच काही दिवस गेले. रोज नवा ड्रायव्हर, रोज नवी चाचणीपाने, रोज ताजा हुकूम. शृंगराव सकाळी कचेरीत जात आणि ऊन उतरल्यावर चोचीच्या टोकाला एखाददुसरा उंबर धरून परत येत. इंदुमती आत वाळत चालली होती. तिने बोलणे कमी केले होते. बेहडा मात्र उभा होता. त्याला नवी पालवी फुटत होती आणि त्याची सावली तक्त्यांवर पडत होती.

ओसरीवरचा गजाप्पा आता सर्वांच्या ओळखीचा झाला होता. येणारेजाणारे त्याला विचारीत, "काय गजाप्पा, आला का कागद?" तो लाजून म्हणे, "येईल हो. घाई कसली? माझ्याच्याने कोणाचे घर मोडायला पाय उचलवत नाही." बिचारा मनातून प्रिंटरला दुवा देत होता.

मुलांनो, त्या कचेरीत शहाणे असे तीनच जण होते : हत्ती, कोळी आणि प्रिंटर. तिघांनाही कसलीच घाई नव्हती.

एक दिवस शृंगराव संगणकाजवळ बसले होते. तज्ज्ञ बाहेर भांडत होते. शृंगरावांची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. तेथे प्रिंटरच्या नावापुढे एक शब्द होता : 'थांबवलेला'.

"घोरपडबाई, 'थांबवलेला' म्हणजे काय?"

"थांबवलेला म्हणजे थांबवलेला."

"कोणी थांबवला?"

"कोणी नाही. तोच थांबला. प्रिंटर आला, त्या पहिल्याच दिवशी उंदराने त्याची तार कुरतडली. पहिलाच कागद अडला. एकदा अडला, की ही प्रणाली प्रिंटरला थांबवून ठेवते आणि 'पुन्हा चालू हो' असे कोणी सांगेपर्यंत रांग धरून बसते. तशी रीतच आहे तिची."

"आणि तार?"

"तार त्याच दिवशी बदलली."

"मग 'पुन्हा चालू हो' असे कोणी सांगितले का नाही?"

"त्याला सर्वाधिकार लागतो. तो महाराजांच्या पासवर्डाने मिळतो. माझ्याकडे नाही," घोरपडबाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसऱ्या पायाची नखे पाहायला घेतली. "शिवाय मला कोणी विचारले नाही. सगळे ड्रायव्हरविषयीच विचारत होते."

म्हणजे पहिल्या दिवशीचा ड्रायव्हर ठीक होता. नवाही ठीक होता. मुळापासून रचलेलाही ठीक होता. एवढी सगळी दुभाषी मंडळी उत्तम तयारीनिशी बसली होती. फक्त ज्याच्याशी बोलायचे, त्याला बोलायची परवानगी नव्हती.

शृंगरावांच्या अंगात वारे शिरले. तज्ज्ञांना न जमलेली गोष्ट त्यांनी ओळखली होती! आता हे महाराजांना कळेल, जंगलाला कळेल. ढोलीत कोणी वाट पाहत आहे, हे त्या क्षणी त्यांना आठवले की नाही, हे सांगता येत नाही. आठवले नसावे. ढोलीतल्या प्रश्नाची तर त्यांना मुळीच आठवण झाली नाही.

ते दरबारात गेले. महाराजांनी या वेळी दुसरा डोळा उघडला.

"पासवर्ड? 'महाराज'. सगळ्यांना ठाऊक आहे की. चालू करायचा आहे ना प्रिंटर? करा बापडे. आम्ही कधी नको म्हणालो?"

शृंगराव परत आले. बातमी पसरली होती. तज्ज्ञ भांडण सोडून आत आले. ससे जमले. गजाप्पाही ओसरीवरून दारात आला. शृंगरावांनी सगळ्यांकडे एकदा पाहून घेतले, मान उंच केली आणि आपल्या प्रचंड चोचीने एकेक अक्षर टंकून आज्ञा दिली : पुन्हा चालू हो.

प्रिंटर खोकला. त्याच्यावरचा कोळी चालता झाला. आत काहीतरी फिरले, सरकले, कुरकुरले. आणि एक कोरा कागद एका बाजूने आत जाऊन दुसऱ्या बाजूने छापून बाहेर आला.

कचेरीत एकच जल्लोष उसळला. हुप्पाजीने कोलांटी मारली. "माझाच ड्रायव्हर!" पंत म्हणाले, "मी पहिल्यापासून सांगत होतो," आणि काय सांगत होतो, ते त्यांनी सांगितले नाही.

शृंगरावांनी चोचीने कागद उचलला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

" 'सदर बेहड्याचे झाड तक्त्यांवर सावली पाडत असल्यामुळे विनाविलंब पाडावे.' "

टाळ्या वाजल्या. ससे ऐकण्यापूर्वीच टाळ्या वाजवतात.

गजाप्पा पुढे झाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. त्याने शृंगरावांच्या चोचीतून तो कागद अदबीने सोंडेत घेतला.

"शृंगराव, तुम्हीच दिलात. मी मागितला नव्हता हो," तो म्हणाला आणि बेहड्याकडे निघाला.

"थांब! थांब गजाप्पा! माझा कागद मागून येतो आहे! एवढ्यात येईल!"

"आला, की आणा. छापील असला, की मी लगेच थांबेन," गजाप्पा न वळता म्हणाला. विनाविलंब म्हणजे विनाविलंब. तो कागदाचा चाकर होता.

शृंगराव प्रिंटरवर झेपावले. पुढचा कागद येत होता. त्यावर सप्तरंगी पट्टे होते. त्याच्या पुढचाही सप्तरंगी होता. हुप्पाजीचे पान, पंतांचे पान, पुन्हा हुप्पाजीचे.

"माझा आधी काढा! पंत, माझा हुकूम पुढे घेता येतो का?"

"येतो," पंत म्हणाले. "अर्थातच येतो. फार सोपी आज्ञा आहे. पुस्तिकेत दिलेली आहे."

"मग द्या ना ती!"

"पुस्तिका वाचलीत?"

खिडकीतून पहिला धक्का ऐकू आला. बेहड्यावरचे सगळे पक्षी एकदम उडाले. सगळे म्हणजे ज्यांना उडता येत होते, ते सगळे.

"पट्टे पाहा किती स्वच्छ आले आहेत!" हुप्पाजी म्हणाला. "हा निळा पाहा!"

दुसरा धक्का आला. शृंगराव खिडकी आणि प्रिंटर यांच्यामध्ये नुसते फडफडत होते. उडून ढोलीकडे जावे, की हुकूम घेऊन मगच जावे, हे त्यांना ठरवता येईना. नुसते गेलो, तर गजाप्पा ऐकणार नाही. कागद घेऊन गेलो, तरच ऐकेल. म्हणून ते कागदाची वाट पाहत राहिले. जन्मभर ज्याला कागदच खरा वाटला, त्याने आयत्या वेळी दुसरे काय करायचे?

शेवटचे चाचणीपान बाहेर पडले. आता हुकमाची पाळी होती. प्रिंटरने आवंढा गिळल्यासारखा आवाज केला आणि तो थांबला.

"कागद संपला," घोरपडबाई म्हणाल्या.

त्याच वेळी बाहेर मोठा आवाज झाला. जमीन हादरली. कचेरीत एकदम ऊन आले आणि संगणकाचा पडदा लखलखीत झाला.

"काळजी नको," घोरपडबाई खिडकीतून पाहत म्हणाल्या. "कागदाची सोय झालीच आहे."

इंदुमती वाचली. पहिल्याच धक्क्याला तिने आतून भिंत फोडायला घेतली होती. बाहेरून मदत येईल म्हणून ती थांबली नाही. तिचे लग्न होऊन बरीच वर्षे झाली होती. झाड कलताना ती फांद्यांवरून घसरत, आपटत खाली आली. अंडी ढोलीत राहिली.

ती चालत कचेरीत आली. पंखांना पिसे नव्हती, अंगाला चिखल होता. त्या वेळी सिंहमहाराज स्वतः तेथे आले होते आणि प्रिंटर चालू केल्याबद्दल शृंगरावांच्या गळ्यात हार घालीत होते. सन्मानपत्रही द्यायचे होते. पण कागद नव्हता.

शृंगरावांनी हार घातल्या मानेने तिच्याकडे पाहिले. ती वळली आणि चालत बाहेर गेली.

पुढे बेहड्याचा लगदा झाला आणि लगद्याचे कागद झाले. रांग पुन्हा सुरू झाली. पहिलाच कागद स्थगितीचा आला. कडा सरळ, समास सारखे, महाराजांची मुद्रा ठळक. शृंगरावांनी तो जपून चोचीत धरला आणि ते इंदुमतीला शोधत निघाले. ती करवंदीच्या जाळीत पिसे फुटण्याची वाट पाहत बसली होती. त्यांनी कागद तिच्यापुढे ठेवला.

तिने तो वाचला. मग तिने त्यावर चोच टेकवली.

"आपल्या ढोलीचा वास येतो याला," ती म्हणाली.

शृंगराव जरा घुटमळले. एवढी खटपट करून आणलेल्या गोष्टीचे कौतुक व्हावे, अशी त्यांची अपेक्षा होती.

"छपाई पाहिलीस का?" ते म्हणाले. "एक अक्षर पुसट नाही."

तात्पर्य : आळस हा माणसाचा शत्रू आहे, हे तुम्हांला शाळेत शिकवले आहे आणि ते चुकीचे नाही, परंतु कचेरीचा आळस हा प्रजेचा सख्खा भाऊ असतो. तो दारात आडवा झोपला आहे, तोवरच घर उभे असते. त्याला उठवू नये. ज्यांना उठवल्यावाचून राहवतच नाही, त्यांनी निदान त्या दिवशी घरी उंबर तरी पुरेसे आणून ठेवावेत.